पेट्रोल भत्ता की प्रवास भत्ता? गोकुळ शिरगावातल्या एका कारखान्याचं प्रकरण

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतला हा कारखाना म्हणजे एक फाउंड्री (लोखंड वितळवून सुटे भाग ओतायची जागा) आणि तिला लागून मशीन शॉप. माणसं दीडशेच्या आत-बाहेर. इंजिनाचे ब्लॉक, सिलिंडर हेड, पंपाच्या बॉडी ओतायच्या, मशीनिंग करायचं आणि चाकण-भोसरीला गाडी भरून पाठवायची, असा धंदा. मालकांची दुसरी पिढी आता कारभार बघते. ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील फिरवले आहेत आणि शेजारच्या एक-दोन कारखान्यांत पाहिलेलंही यात मिसळलं आहे. मूळ पेच मात्र जसा होता तसाच ठेवला आहे.

एका मोठ्या ग्राहकाने पुरवठादारांकडे कार्बनचा हिशोब, म्हणजे कामापायी किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो याचा आकडा, मागायला सुरुवात केली, तिथून विषय निघाला. भट्टी आणि कॉम्प्रेसरच्या विजेचं काम आधीच चालू होतं, माझं जाणं-येणं त्यासाठीच होतं. धाकट्या मालकांनी बैठकीत माणसांच्या येण्या-जाण्याचा मुद्दा काढला आणि सोबत उत्तरही तयार ठेवलं. स्टाफपैकी जो इलेक्ट्रिक कार घेईल त्याच्या हप्त्यातला काही भाग कंपनी भरणार, गेटच्या आत चार चार्जर बसणार, उद्घाटनाला ग्राहकाचे साहेब येणार. फोटोही चांगला आला असता, यात शंका नाही.

बैठक संपल्यावर मी अकाउंटंटकडे वाहन खर्चाचं खातं मागितलं. कारने येणाऱ्या वरिष्ठ स्टाफला पेट्रोल-डिझेलच्या पावत्या लावून पैसे मिळत, ठरावीक मर्यादेपर्यंत. दुचाकीवाल्या स्टाफला महिन्याला ठोक रक्कम, कारवाल्याच्या निम्म्याहून कमी. केएमटीने (महापालिकेच्या बसने) किंवा वडापने (माणसं भरून नेणाऱ्या खासगी गाडीने) येणाऱ्याला काही नाही. सायकलवाल्याला काही नाही. वर्कर तर या खात्यात कुठेच नव्हते. पावत्यांची पद्धत असल्यामुळे सगळ्यात जास्त पैसे कुणाला जात होते? ज्याची गाडी सगळ्यात जास्त तेल पीत होती त्याला. एकाच भागात राहणारे आणि एकाच वेळी निघणारे दोघे अधिकारी दोन वेगळ्या गाड्यांतून एकटे-एकटे येत, कारण एका गाडीतून आले असते तर एकाच्या पावत्या बंद झाल्या असत्या.

कंपनी या बाबतीत काहीच करत नाही असं धाकटे मालक समजत होते. प्रत्यक्षात ती वर्षानुवर्षं प्रोत्साहन देतच होती, फक्त ते लिटरमागे होतं. एका खात्यातून तेल जाळायला पैसे द्यायचे आणि दुसऱ्या खात्यातून इलेक्ट्रिक कारच्या हप्त्याला मदत करायची, हे एकाच वेळी कसं चालणार, एवढाच माझा प्रश्न होता. आणि हप्त्याची मदत घेणार तरी कोण? नवी कार घेण्याच्या बेतात असलेले चार-पाच जण. दीडशे माणसांच्या कारखान्यात बाकीच्यांचा त्यात कुठेच पत्ता नव्हता.

मग फळ्यावर हिशोब मांडला. फुलेवाडी किंवा कळंब्याकडचा माणूस धरला तर येऊन-जाऊन २४ किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ६०० किलोमीटर. पेट्रोलची कार गावातल्या गर्दीत लिटरला १५ देते असं धरलं तर ४० लिटर. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे महिन्याला ९२ किलो. हाच माणूस एकटा इलेक्ट्रिक कारने आला तर शंभर किलोमीटरला १५ युनिटप्रमाणे ९० युनिट लागतील. आपल्या ग्रीडवरची बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांवरून एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो धरता येतो, म्हणजे ६३ किलो. फरक पडतो हे खरं. पण त्याच जुन्या पेट्रोल कारमध्ये दोघे बसले तर माणशी ४६ आणि तिघे बसले तर ३१.

धाकटे मालक इथे खुर्चीत पुढे सरकले. नवी गाडी न घेता, फक्त शेजारची सीट भरून, एकट्याच्या इलेक्ट्रिक कारपेक्षा कमी धूर? आकडे तेच सांगत होते. पुढचे आकडे तर कारवाल्यांना आणखी टोचणारे होते. लिटरला ४५ देणारी साधी पेट्रोल स्कूटर घेतली तर महिन्याला ३१ किलो. इलेक्ट्रिक स्कूटर शंभर किलोमीटरला साडेतीन युनिट धरली तर १५ किलो. आणि लिटरला चार किलोमीटर देणारी डिझेलची बस, तिच्यात चाळीस माणसं असली तर माणशी दहा किलो. धूर सोडत चढ चढणारी लाल बस बघून नाक मुरडणाऱ्यांनी तो दहाचा आकडा दोनदा वाचावा. अर्थात बस भरलेली असली तरच. चाळीसच्या जागी आठ माणसं असतील तर हाच आकडा पन्नासवर जातो.

यात गाडी बनवतानाचा कार्बन धरलेला नाही. बॅटरीमुळे इलेक्ट्रिक कार कारखान्यातून निघतानाच पेट्रोल कारपेक्षा मोठा बोजा घेऊन निघते आणि तो चालवून-चालवून फिटतो. उलट ती कंपनीच्या छपरावरच्या सोलरवर दिवसा चार्ज झाली तर ६३ चा आकडा बराच खाली येतो. जी रोज भरपूर पळते तिचा बोजा लवकर फिटतो. जी सकाळी येते आणि संध्याकाळी जाते, तिला वेळ लागतो. पैशांचंही तसंच. क्वालिटीतल्या एका तरुण इंजिनिअरने मला विचारलं की कार घ्यायची तर कुठली. त्याचं पळणं महिन्याला तेवढंच, सहाशेच्या आसपास. पेट्रोल शंभराच्या वर आणि घरची वीज स्लॅबप्रमाणे दहा-पंधरा रुपये युनिट धरली तर इलेक्ट्रिकने महिन्याला अडीच-तीन हजार वाचतील. दोन गाड्यांच्या किमतीत तीन-चार लाखांचा फरक असेल तर तो भरून यायला दहाएक वर्षं लागतील. शिवाय सरकार अनुदान देतं ही त्याची समजूतही अर्धीच खरी होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत दुचाकी, तीनचाकी, बस असा भर होता. खासगी कारला त्यात अनुदान नाही. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के हे २०१९ पासून आहे, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांचा जीएसटीही २८ वरून १८ वर आला आणि दोन्हींतलं अंतर कमी झालं. त्याला मी लहान, हलकी पेट्रोल कार घे असं सांगितलं, आणि तीही रोज एकट्याने आणू नकोस. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या कागदावरचं मायलेज ठरावीक चाचणीतलं असतं, ताराराणी चौकातल्या सिग्नलवर ते मिळत नाही, हेही.

मग या कारखान्यात इलेक्ट्रिक गाडी शोभणार कुठे? जी रोज सगळ्यात जास्त पळते तिच्या जागी. आणि ती कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. कास्टिंग, टूल, गेज घेऊन उद्यमनगर आणि शिरोलीच्या फेऱ्या मारणारा छोटा टेम्पो. जॉबवर्क, हीट ट्रीटमेंट, टूल ग्राइंडिंग असं काही ना काही रोज असतंच, त्यामुळे दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर सहज. रात्री गाडी गेटच्या आतच उभी, म्हणजे चार्जिंगची अडचण नाही. रस्ता ठरलेला, लांब जायचं नाही. कंपनीची पहिली इलेक्ट्रिक गाडी मालवाहू तीनचाकी आली. धाकट्या मालकांचा चेहरा जरा पडला. उद्घाटनाला ग्राहकाचे साहेब काही आले नाहीत.

पुण्याच्या फेऱ्यांना मात्र उत्तर सापडलं नाही. चाकणला सकाळी दहाची मीटिंग असली की पहाटे चारला डिझेलची एसयूव्ही निघते. कोल्हापूर-पुणे वंदे भारत सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, पण मिरज-सांगली-सातारा करत पाचेक तास घेते, सकाळच्या मीटिंगला तिचा उपयोग नाही. महिन्याला एखाद-दुसरी मीटिंग व्हिडिओवर घ्यायची आणि जायचंच तर एका फेरीत तीन ग्राहक करायचे, एवढंच ठरलं. ती एसयूव्ही आहे तोवर चालवायची. चालू गाडी विकून नवी आणली तर जुनी दुसऱ्या कुणाच्या तरी दारात धूर सोडणारच.

आता भत्त्याकडे. प्रस्ताव साधा होता: पेट्रोल भत्ता बंद, त्याच एकूण रकमेतून सगळ्यांना प्रवास भत्ता, येण्याचं साधन कोणतंही असो. पावत्या नाहीत. कारने या, वडापने या, चालत या, पैसे तेच. अंतराप्रमाणे दोन टप्पे ठेवले, गावातले आणि लांबचे.

लगेच तीन दिशांनी विरोध आला. अकाउंटंट म्हणाले, वाहन खर्चाच्या खात्यात पावत्या दाखवता येत होत्या. आता हे पगारात धरावं लागेल आणि २०१८-१९ पासून प्रवास भत्त्याची १,६०० रुपयांची करसवलतही सर्वसाधारण पगारदारांसाठी राहिलेली नाही. म्हणणं बरोबरच होतं. पण ज्यांना आतापर्यंत काहीच मिळत नव्हतं त्या बहुतेकांच्या पगाराला आयकर लागतच नव्हता, त्यामुळे तो मुद्दा मोजक्या लोकांपुरता उरला. कारवाले थेट बोलले नाहीत. त्यांच्यातल्या एका ज्येष्ठांनी थोरल्या मालकांच्या केबिनमध्ये जाऊन चहा घेतला, आणि दुसऱ्या दिवशी फाइल थांबली. अखेर तोडगा असा निघाला की जुन्या कारवाल्यांची रक्कम लगेच कापायची नाही. ती आहे तिथे गोठवायची आणि पुढच्या दोन पगारवाढींत जुळवून घ्यायची. मला हे फारसं पटलं नव्हतं, पण थोरल्या मालकांना माणसं टिकवायची होती आणि त्यांचा अंदाज माझ्यापेक्षा पक्का होता.

तिसरा विरोध मशीन शॉपमधून आला आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. "दादा, आपण इंजिनाचे हेड बनवतो. इलेक्ट्रिक गाडीला हेड लागत न्हाई, ब्लॉक लागत न्हाई. मग आपल्याच पोटावर पाय का आणायचा?" धाकट्या मालकांकडे याचं तयार उत्तर नव्हतं, आणि त्यांनी ते आहे असं भासवलंही नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना हा प्रश्न रात्री झोपू देत नाही. ट्रॅक्टर, पंप, कॉम्प्रेसर, जनसेट (जनरेटर) यांचं काम लगेच संपणार नाही, पण कारच्या इंजिनावर फार विसंबून असलेल्याने आतापासून दुसरं काम शोधायला हवं, आणि ते कारखान्यातला एखादा माणूस स्कूटर कुठली चालवतो यावर ठरत नाही. मुद्दा बैठकीत सविस्तर बोलला गेला, हे बरं झालं. न बोलता राहिला असता तर चार्जिंगच्या प्लगमध्ये कुणीतरी वायसर घातला असता.

प्लगवरून आठवलं. कार चार्जरऐवजी दुचाकीच्या शेडमध्ये १६ अ‍ॅम्पियरचे सॉकेट बसवायचे ठरलं, तेव्हा इलेक्ट्रिशियनने लोड वाढेल म्हणून हात वर केले. त्याच कारखान्यात इंडक्शन भट्टी आहे. एक टन लोखंड वितळायला तिला साधारण सहाशे युनिट लागतात, आणि तेवढ्या विजेवर इलेक्ट्रिक स्कूटर सतरा हजार किलोमीटर पळते. खरी काळजी वेगळी होती: पत्र्याच्या शेडमध्ये आडवा पाऊस येतो, त्यामुळे अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) नीट हवा, सॉकेट कमरेच्या वर आणि झाकणाचे हवेत. बॅटरी काढून कॅन्टीनमध्ये किंवा भट्टीजवळ चार्जिंगला लावायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी फलकावर लावला. छपरावर सोलर आधीच होतं. आपल्याकडे एक किलोवॅटला दिवसाला चारेक युनिट मिळतात, म्हणजे एका किलोवॅटवर पाच-सहा स्कूटरचं महिन्याचं येणं-जाणं निघतं. दिवसपाळीवाल्यांनी दिवसा चार्ज करायचं, वीज फुकट. थोरल्या मालकांनी "फुकट नको, महिन्याला पन्नास रुपये घ्या" असं सुचवलं. फुकटच्या प्लगवरून भांडणं होतात, पैसे भरलेला माणूस हक्काने रांगेत उभा राहतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं निघालं.

स्कूटरचा आकडा हळूहळू चढला. बहुतेकांनी त्या स्वतःच्या पैशांनीच घेतल्या. कंपनीने फक्त पगारातून हप्ता कापून देण्याची सोय केली. ज्यांच्या घरी खाली पार्किंगला प्लग नाही, चाळीत किंवा जुन्या वाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहतात, त्यांच्यासाठी कारखान्यातला प्लग हाच निर्णायक ठरला. पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्या काहींनी मात्र थांबायचं ठरवलं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ ला धोका, हे ज्यांच्या अंगवळणी पडलं आहे, ते २०१९ आणि २०२१ चे पूर विसरलेले नाहीत. पार्किंगमध्ये पाणी शिरलं तर पेट्रोलची गाडी मेकॅनिक खोलून पुसून देतो, बॅटरीचं काय होईल कुणास ठाऊक, ही त्यांची शंका. पाण्यात राहिलेली बॅटरी तपासल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही, एवढं खात्रीने सांगितलं. बाकी शंका रास्त आहे.

गाडी वाटून येण्याचं काम सगळ्यात किचकट निघालं. सुरुवातीला पेट्रोलचे पैसे वाटून घ्यायचा विचार होता, तो सोडला. पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीत भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. म्हणून पैशांऐवजी पाळी ठरली. एक आठवडा याची गाडी, पुढचा त्याची. राजारामपुरीकडच्या चौघांचं लगेच जमलं. रंकाळ्याकडच्यांचं जमेना, आणि कारण कुणी सांगेना. शेवटी टाइम ऑफिसमधल्या बाईंनी उलगडलं: ओव्हरटाइम. संध्याकाळी साडेपाचला सुपरवायझर येऊन "आज दोन तास थांबा" म्हणाला की ज्याची स्वतःची गाडी आहे तोच थांबू शकतो. दुसऱ्याच्या गाडीत आलेल्याला ओव्हरटाइमवर पाणी सोडावं लागतं, नाहीतर रात्री हायवेवर वडापसाठी हात दाखवत उभं राहावं लागतं. बायकांना तर तोही पर्याय नाही. माणसं एकेकटी येत होती त्यामागे आळस किंवा मिजास नव्हती, घरी परतण्याची खात्री नसणं हे कारण होतं.

म्हणून दोन नियम केले. ओव्हरटाइमची यादी दुपारी तीनच्या आत लागली पाहिजे, आणि त्यानंतर कुणाला थांबवलं तर घरी सोडण्याची रिक्षा कंपनीच्या खर्चाने. रिक्षाचा खर्च किती होईल म्हणून अकाउंटंट धास्तावले होते. झालं उलटंच. रिक्षाचं बिल आपल्या विभागावर पडतं म्हटल्यावर सुपरवायझर यादी वेळेत लावू लागले, आणि रिक्षा क्वचितच लागली. सगळ्या प्रकरणात एवढ्या कमी पैशांत एवढा फरक दुसऱ्या कशाने पडला नाही.

बसच्या बाबतीत कारखान्याच्या हातात फार नव्हतं. केएमटीची वेळ आणि जनरल शिफ्टची वेळ यांत थोडा फरक पडत होता. शिफ्ट पंधरा मिनिटं पुढे घेतली, तेवढ्याने काही जण बसकडे वळले. स्टॉपपासून गेटपर्यंतचा आतला रस्ता पावसाळ्यात चालायला वाईट, त्यामुळे जूनमध्ये त्यातले काही परत दुचाकीवर गेले. केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेत कोल्हापूरचं नाव आहे. त्या बस आल्या तर आकडे आणखी सुधारतील, पण वेळापत्रक हायवेवरच्या कारखान्यांच्या शिफ्टला जुळलं नाही तर बस विजेची असून काय उपयोग?

सायकलवाले मोजकेच, कणेरी आणि उजळाईवाडीकडचे, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. भत्ता सुरू झाल्यावर त्यांच्यातले एक फिटर मला म्हणाले, "तीस वर्सं सायकलवरनं आलो साहेब, तवा कुणी इचारलं न्हाई. पैसं देताय, बरं हाय. पण रस्त्याचं काय?" सातारा-कागल सहापदरीकरणाच्या कामात सर्व्हिस रोड कधी इकडे, कधी तिकडे. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागे रिफ्लेक्टर असेलच असं नाही. कंपनीने सायकलींना दिवे आणि अंगावर घालायला चमकणारी जॅकेटं दिली. तरुणांना सायकल घ्या असं सांगायचं धाकट्या मालकांच्या मनात होतं, मी ते टाळायला सांगितलं. त्या रस्त्यावर अंधारात मी स्वतःच्या मुलाला सायकल घेऊन पाठवणार नाही, तर दुसऱ्याच्या मुलाला कसं सांगू?

रात्रपाळीचं काहीच हललं नाही. त्या वेळेला बस नाही, वडाप नाही, वाटून यायला एकाच बाजूची माणसं नाहीत. ते मोटरसायकलवर येतात आणि येत राहतील. त्यांना इतरांसारखाच भत्ता मिळतो, आणि गेटवर हवा भरायचा पंप ठेवला आहे, कारण कमी हवेचं टायर तेल जास्त खातं आणि रात्री पंक्चर झालं तर कुणी मदतीला नसतं.

सध्या बोलणं चालू आहे ते शेजारच्या कारखान्याशी. दोघांनी मिळून पिवळ्या नंबरप्लेटची एक टेम्पो ट्रॅव्हलर कराराने घ्यायची, फुलेवाडी-रंकाळा-राजारामपुरी असा रस्ता ठेवायचा. खर्च कसा वाटायचा यावर एकमत आहे. अडलंय ते सुट्टीच्या वेळेवर. इथे साडेपाच, तिथे सहा. अर्धा तास कुणी थांबायचं हे ठरायचं आहे, आणि तिथल्या ओव्हरटाइमची यादी अजूनही सुट्टी व्हायच्या वेळेलाच लागते.